कागदाचं घुमट

कागदाचं घुमट वाजतं. हे आधीच सांगून टाकते, कारण "कागदाचा? आणि वाजतला?" या एकाच प्रश्नाला उत्तर देता देता माझा अख्खा श्रावण सरला. वाजतं. मातीच्या घुमटाची बरोबरी करत नाही, पण माजघरातल्या आरतीत टाळ-झांजांच्या गदारोळातही ते ऐकू येतं. शिवाय पुतण्याच्या हातून पायरीवर आपटलं तरी शाबूत आहे. मातीचं असतं तर खापऱ्या गोळा करत बसावं लागलं असतं.

ज्यांनी घुमट हे वाद्य पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं. मातीचं मडकंच ते, पण दोन्हीकडून उघडं. एक तोंड रुंद, त्यावर कातडं ताणून चिकटवलेलं. दुसरं अरुंद, ते मोकळंच. उजव्या हाताची बोटं कातड्यावर पडतात आणि डावा तळहात अरुंद तोंडावर उघडझाप करत राहतो. गोव्यात घुमटाशिवाय चतुर्थीची आरती रंगत नाही. २०१९ मध्ये तिथल्या सरकारने त्याला राज्याचं वारसा वाद्य ठरवलं. आमचं गाव महाराष्ट्रात, सावंतवाडी तालुक्यात, पण तेरेखोल खाडी ओलांडली की गोवा. सोयरिकी तिकडच्या, बाजारहाट तिकडचा, तेव्हा आरत्याही थोड्या तिकडच्याच.

आमच्या माळ्यावर आजेसासऱ्यांचं एक जुनं घुमट आहे. त्यावर घोरपडीचं कातडं होतं, ते कधीच फाटून गेलं. पूर्वी घुमटाला घोरपडीचंच कातडं लावत. पातळ, चिवट, बोट लागताच बोलणारं. त्यापायी किती घोरपडी गेल्या असतील कोण जाणे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्याच रांगेत. तिला मारणं सोडाच, तिच्या कातड्याचा व्यवहारही गुन्हा. आता सगळीकडे बकऱ्याचं कातडं लावतात.

मग त्या जुन्यालाच बकऱ्याचं कातडं का नाही लावलं? भावजींचं म्हणणं तेच होतं. पण पुतण्याने "काकी, माका घुमट होया" असा धोशा लावला तो आषाढात, आणि हा हा म्हणता श्रावण येऊन ठेपला. ज्या घरात श्रावणात कांदा-लसूणही चुलीपर्यंत पोचत नाही, तिथे ओलं कातडं उंबऱ्याच्या आत घेऊ द्यायला सासूबाई तयार होणार? त्यातून आजेसासऱ्यांची वस्तू सहावीतल्या पोराच्या हाती द्यायला घरातलं कोणीच राजी नव्हतं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून नवं आणता आलं असतं. पण मी गावातल्या मुलांचे हस्तकलेचे वर्ग घेते, कागदाच्या लगद्याचे मुखवटे वर्षानुवर्षं करत आले आहे, आणि मडकं म्हणजे काय, डोळे-नाक नसलेला मुखवटाच.

आधी साचा हवा. लगद्याच्या गोल वस्तूसाठी बहुतेक जण फुगा घेतात. कोरड्या हवेत ठीक आहे, पण आमच्याकडे कागद वाळायला इतका वेळ लागतो की तोवर फुग्यातली हवा उतरते, वरचा ओला कागद बसतो आणि त्याला खळगे पडतात. म्हणून सासूबाईंकडून एक मातीचं मडकं उसनं घेतलं. उसनं म्हणजे अक्षरशः उसनं, "फोडलंस तर बघ" या अटीवर. पाणी भरून लिटरच्या बाटलीने मोजलं तेव्हा साधारण नऊ लिटरचं निघालं. त्याला बाहेरून खोबरेल तेल चोपडलं, वर दुधाच्या पिशव्या फाडून गुंडाळल्या आणि त्यावर पहिला थर नुसत्या पाण्यात बुडवलेल्या वर्तमानपत्राचा. या थराला खळ लावायची नाही, नाहीतर पुढे साचा सुटत नाही.

खळीबद्दल मात्र जरा थांबून सांगायला हवं. मैद्याची खळ झटपट होते, पण पावसाळ्यात तिच्यावर बुरशी धरते. बाइंडिंगवाले खळीत चिमूटभर मोरचूद घालतात, त्याने बुरशी आणि किडे दोन्ही दूर राहतात. मात्र ते विष आहे, आणि माझ्याकडे खळीत कोपरापर्यंत हात घालणारी मुलं. मी चिंचोक्याची खळ केली. आमच्या घरी चैत्र-वैशाखात चिंच फोडतात, तेव्हाचे चिंचोके डब्यात पडून असतात. ते कढईत भाजायचे, वरची तपकिरी साल तडकली की पाट्यावर रगडून काढायची, आतली पांढरी डाळ रात्रभर भिजवायची, बारीक वाटायची आणि भरपूर पाण्यात सतत ढवळत शिजवायची. आधी पांढरट दिसते, मग एकाएकी तिला चकाकी येते आणि पळीवरून तार सुटते. तिथे उतरवायची. सावंतवाडीच्या गंजिफाचे गोल पत्ते करताना कापडाचे थर एकमेकांना चिकटवायला हीच खळ वापरत आले आहेत. दशावतारी गंजिफाचे १२० पत्ते. हातात घेतले की कळतं, कापड आहे की लाकूड असा प्रश्न पडावा इतके ताठ. मला तोच ताठपणा हवा होता. त्यात चौथा हिस्सा फेविकॉल मिसळला, तो माझ्या भित्रेपणापायी. गंजिफावाल्यांना त्याची गरज कधी पडली नव्हती.

कागद कात्रीने कापायचा नाही, फाडायचा. फाडलेली कड पातळ होत जाते, एकावर एक नीट बसते आणि वरून हात फिरवला तर लागत नाही. वर्तमानपत्र एका दिशेने सरळ फाटतं आणि दुसऱ्या दिशेने वेडंवाकडं. कागदाचे तंतू ज्या दिशेने बसलेले असतात त्या दिशेने ते सरळ जातं. तीन बोटं रुंदीच्या पट्ट्या. एक थर उभा, पुढचा आडवा. एक दिवस मराठी पेपर, एक दिवस शेअरबाजाराची गुलाबी पानं, म्हणजे कुठे थर राहिला ते रंगावरून कळतं. ही युक्ती माझी नाही, वर्गातल्या एका मुलीची. मधे अंड्यांचे ट्रे भिजवून, वाटून केलेला लगदा बोटाने दाबत पसरला आणि शेवटी वरून खाकी कागद.

आणि मग वाळवणं. खरं काम इथे आहे. या भागात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. श्रावणात ऊन पडतं ते कवितेत. हवेतली आर्द्रता नव्वदीला टेकलेली; दोरीवरचा टॉवेल दोन दिवसांनी आहे तितकाच ओला असतो. पंखा लावला तर वरचा थर वाळतो आणि आतला तसाच राहतो, मग आतून आंबूस वास येऊ लागतो. म्हणून एकावेळी दोनच थर द्यायचे आणि ते खणखणीत वाळल्याशिवाय पुढचे नाहीत. मागच्या दारी अजून चूल आहे, आंघोळीच्या पाण्याची. तिच्या वरच्या फळीवर मडकं ठेवलं. तिथे सुकी लाकडं, करवंट्या आणि सोलांचा डबा यांचा मुक्काम असतो, त्यांना सरकावलं. धुराने कागद काळपटला पण बुरशी फिरकली नाही. कोकणात पावसाळ्यात धूर हा औषधासारखा असतो, फळीवर जे जे ठेवाल ते टिकतं.

शेवटचे थर घट्ट झाल्यावर मडक्याच्या पोटावर पेन्सिलीने आडवी रेघ मारली आणि हॅक्सॉच्या सुट्या पानाने कापत गेले. पान वाकडं धरायचं, तिरपं. सरळ खुपसलं तर आतल्या मडक्यावर चरे पडतात, आणि मला त्या मडक्याचा हिशेब द्यायचा होता. दोन वाट्या सुटल्या तेव्हा पुतण्याने एक डोक्यावर घातली आणि तसाच वाडीभर फिरून आला.

वाट्या जोडायला जुन्या सुती लुगड्याच्या पट्ट्या, खळीत बुडवून आतून-बाहेरून. जोड कागदाने जोडला तर तिथेच भेगतो, कापड ताण सोसतं. आत ओल राहू नये म्हणून पोटात दिवा सोडला. यासाठी जुना तारेचा ६० वॅटचा बल्ब हवा, हल्लीचे एलईडी पुरेसे तापत नाहीत. असा बल्ब गावात मिळेना, शेवटी देवघराच्या खोक्यात सापडला. बल्ब कागदाला कुठेही टेकणार नाही असा तारेने मधोमध टांगायचा आणि तो चालू असताना जवळून हलायचं नाही. आमच्याकडे दिवे जायचेच इतके वेळा की सक्तीची विश्रांती आपोआप मिळत होती.

आता रुंद तोंड. मडक्याच्या बुडाकडची बाजू साधारण वीतभर व्यासाची कापली आणि चार लिटरच्या रंगाच्या रिकाम्या डब्याचा काठ कापून तिथे बसवला. डब्याचा काठ का, तर तो मुळात गोल आणि कडक असतो. ताणलेलं कापड कागदाच्या काठाला हळूहळू आत ओढतं, तोंड लंबगोल होतं, आणि मग काही केल्या ताण सारखा राहत नाही.

इथवर माझं लक्ष सगळं एकाच गोष्टीकडे होतं: कातड्याच्या जागी काय लावायचं? चार-पाच सामानं जमवून ठेवली होती. फुग्याचं रबर, एक्स-रेची जुनी फिल्म, मांजरपाट, छत्रीचं कापड, खाकी पॅकिंग टेप. एकेक तात्पुरतं बांधून बघत होते. फुग्याचं रबर नुसतं लवतं, बोट आत जातं आणि आवाज "बद". एक्स-रेची फिल्म टणटणते, पत्र्यासारखी, आणि कडेला घडी पडली की संपलीच. खळीत भिजवलेला मांजरपाट वाळल्यावर झकास तडतडला, मी खूश. रात्री पाऊस झाला आणि सकाळी तो ओल्या पापडासारखा सैल. छत्रीचं कापड पॉलिस्टरचं, ते पाणी पीत नाही. पण एकटं फारच हलकं, बोटाला दादच देत नाही.

शेजारचे आबा हे सगळं पडवीच्या कठड्यावर बसून बघत होते. आबांनी तरुणपणी घुमट वाजवलेलं आहे. त्यांनी ते कागदी पोट मांडीवर घेतलं, रुंद तोंड पोटाशी दाबून बंद केलं आणि डाव्या तळहाताने अरुंद तोंडावर हलकेच थाप मारली. परत मारली. मग माळ्यावरचं आजेसासऱ्यांचं घुमट खाली आणायला सांगितलं आणि त्याच्यावर तशीच थाप मारली. कातडं नसलेलं ते जुनंपुराणं घुमट "घुम्म" म्हणालं. माझ्या कागदाच्या पोटातून नुसता "फप्प" आला.

"अगो, ह्येचा पोट गळता," आबा म्हणाले. "चामड्याचा काय घेवन बसलंस? आधी पोटाचा बघ."

मी म्हटलं, "आबा, कुठेही भोक नाही. पाणी भरून दाखवू?" पाणी भरायची सोय नव्हती अर्थात, कागदच तो. पण त्यांचं म्हणणं मला दुसऱ्या दिवशी उमगलं, तेही शाळेतली भौतिकी आठवल्यावर.

रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती घुमते, तेच घुमटात होतं. अरुंद तोंडाच्या मानेतली हवा आत-बाहेर होते आणि पोटातली हवा स्प्रिंगसारखी तिला परत ढकलते. हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात याचाच अभ्यास केला आणि तशी पोकळ भांडी वापरून आवाजातले सूर वेगळे करून दाखवले. तोंडाचं क्षेत्रफळ वाढलं की सूर चढतो, पोट मोठं झालं किंवा मान लांबली की उतरतो. पण यात एक अट आहे: भिंत हवेला दाद देता कामा नये. माझ्या पोटाची आतली बाजू उघड्या लगद्याची होती, खरखरीत, सच्छिद्र. हवा हलली की तिचा जोर त्या बारीक छिद्रांत जिरून जात होता. भाजलेली माती असं करत नाही. आबांच्या भाषेत ते गळणं.

मग आतून लिंपण सुरू केलं. फेविकॉल आणि चाळलेल्या खडूच्या भुकटीचा पातळ लेप. अरुंद तोंडातून हात घालून, बोटांना चिंधी गुंडाळून. वाळल्यावर घासकागद, परत लेप. आतल्या भागाचं कोणी कौतुक करणार नाही म्हणून ही पायरी सगळे गाळतात, आणि घरी केलेली बहुतेक वाद्यं खोक्यासारखी वाजतात ती त्यामुळेच, असं माझं आता ठाम मत आहे. शेवटी सुताराकडचं चपडा पॉलिश, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, आतून दोन हात. टिचकी मारून ऐकत गेले. आधी "बद", मग "टप", आणि पॉलिश चढल्यावर "टण्". आबांनी परत थाप मारली, मान डोलावली, काही बोलले नाहीत. त्यांच्याकडून एवढंही खूप.

चपड्याची एक खोड सांगते. दमट हवेत तो लावला की स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ तिथे बसते आणि पॉलिशवर पांढुरकं सायटं येतं. त्यासाठी वस्तू आधी किंचित कोमट करून घ्यायची. पण कोमट करणारा बल्ब किंवा चूल पूर्ण बंद केल्यावरच स्पिरिटची बाटली उघडायची, हे मुलांबरोबर करताना दहादा सांगावं लागतं.

अरुंद तोंडाच्या मानेसाठी पीव्हीसी पाइपाचे तुकडे घेतले. आमच्या घराच्या पन्हळीचं काम झालं होतं, तेव्हाचे उरलेले होतेच: ६३, ९० आणि ११० मिलिमीटर. प्रत्येकी दोन बोटं लांबीचा तुकडा कापला. रुंद तोंड स्टीलच्या ताटाने झाकून, कडेला मळलेल्या कणकेने हवाबंद करून, एकेक मान कणकेनेच बसवत गेले आणि मोबाइलवर सूर मोजणारं ॲप लावलं. ११० ला १६५ हर्ट्झच्या आसपास, ९० ला १४५ च्या, ६३ ला ११० च्या. म्हणजे हिशेब बरोबर चालत होता. कणीक पुन्हा गाईला गेली.

कागदावर बघितलं तर ६३ ची मान सगळ्यात खर्जातली, तीच घ्यावी असं वाटेल. पण वाजवायला बसल्यावर कळतं, तिथे तळहाताला करायला काही उरत नाही. हात टेकला की तोंड बंद, उचलला की उघडं, मधलं काहीच नाही. घुमटाची सगळी गंमत त्या मधल्या जागेत आहे. तळहाताची कड थोडी उचलली की तोंड जरा उघडतं, सूर वर सरकतो. परत मिटवला की खाली येतो. उजव्या हाताची बोटं तोच ठेका धरून असतात आणि डावा हात त्याला बोलायला लावतो. ११० मध्ये उलट अडचण, माझा तळहात पुरत नव्हता आणि पुतण्याचा तर त्यात मनगटापर्यंत आत जात होता. ९० ला माझा हात बसला. त्याचा अजून थोडा लहान पडतो, पण मुलांचे हात वाढतात, मान वाढत नाही, म्हणून ९० च कायम केली. ती मात्र कणकेने नाही, एमसीलने.

आता ते पडदा-प्रकरण पुन्हा हातात घेतलं तर गंमत अशी की जे आधी फुसकं वाटलं होतं तेच बरं वाजू लागलं. पोट बोलायला लागल्यावर पडद्याला एवढंच काम उरतं की बोटाचा धक्का आतल्या हवेला नीट द्यायचा. छत्रीचं कापड घेतलं. जुन्या काळ्या छत्रीचं, जिच्या काड्या मेच्या वळवात उलट्या झाल्या होत्या. दोघांनी समोरासमोर धरून ताणलं, तिसऱ्याने काठाखाली तंगुसाचे फेरे घेतले. तंगूस, म्हणजे मासे गळाने धरणाऱ्यांकडचा नायलॉनचा दोरा, गाठ एकदा बसली की ढिली होत नाही. मग त्यावर पॅकिंग टेपच्या पट्ट्या, मधून सुरुवात करून, एकमेकींना छेद देत, प्रत्येक पट्टी ओढून काठाखाली चिकटवलेली. एकीच्या समोर दुसरी, सायकलच्या चाकाच्या तारा आवळतात तशा क्रमाने. कापड आणि टेप मिळून वजन बरोबर झालं. आवाज बकऱ्याच्या कातड्यापेक्षा कोरडा आहे, बोटाची टकटक जरा जास्त ऐकू येते. टेपवर मधोमध जुन्या चामडी चपलेच्या अस्तराचा रुपयाएवढा तुकडा चिकटवला तेव्हा ती थोडी दबली. चपलेचा आहे हे सासूबाईंना सांगितलेलं नाही, आणि त्या हे वाचणार नाहीत असा माझा अंदाज आहे.

एक फायदा मात्र निर्विवाद. कातड्याचं घुमट पावसात सैल पडतं, आरतीआधी ते उन्हात किंवा विस्तवाजवळ शेकून घ्यावं लागतं. आमच्या टेपला शेकायची गरज नाही. उलट शेकलं तर वितळेल.

बाहेरून काव दिली. जांभ्या दगडाच्या मुलखात या तांबड्या रंगाची वानवा नाही. जुन्या देवळांच्या भिंतींवर कावीची नक्षी असते तो रंग. पुतण्याला त्यावर क्रिकेटपटूचं चित्र हवं होतं. वाटाघाटींनंतर वेलबुट्टीवर भागलं, आणि आतल्या बाजूला, जिथे कोणाला दिसणार नाही, त्याने त्या क्रिकेटपटूचा जर्सी क्रमांक लिहून ठेवला आहे. वरून चपडा.

वाजवायला शिकणं हे वेगळं प्रकरण, आणि ते आबांनी घेतलं. पहिल्या दिवशी त्यांनी पुतण्याला उजवा हात लावूच दिला नाही. "उजवो हात कोणय मारता. डावो सांभाळ." तो नुसता तळहात उघडमीट करत बसला आणि आबा स्वतः त्याच्या बाजूने हात घालून पडद्यावर बोटं मारत होते. एक वाद्य, दोघं वादक. पोरगं कंटाळेल असं मला वाटलं, पण सूर आपल्या तळहाताखाली चढतो-उतरतो हे त्याला एकदा जाणवलं आणि मग तो जेवायलाही उठेना. मीही शिकते आहे. गोव्यात आता बायकांचीही घुमट पथकं आहेत, इकडे अजून भुवया उंचावतात, उंचावू देत.

चतुर्थीला माटवी, म्हणजे मूर्तीवरची फळा-पानांची मांडवी, बांधली, मूर्ती बसली, आणि संध्याकाळच्या आरतीला घुमट बाहेर आलं. भावजींकडे टाळ, दिराच्या मित्रांकडे झांजा. झांजांपुढे कागदाचं काय चालणार, ही माझी धास्ती. पहिल्या आरतीला खरोखरच काही ऐकू आलं नाही. मग आबांनी पुतण्याला उठवून खोलीच्या कोपऱ्यात, दोन भिंतींच्या सांध्यात बसवलं, अरुंद तोंड भिंतीकडे करून. खर्जाचा आवाज कोपऱ्यात वाढतो हे मला सिद्धांत म्हणून माहीत होतं, सुचलं मात्र त्यांना. दुसऱ्या आरतीपासून "घुम्म" खांबांपर्यंत पोचलं. सासूबाईंनी आरती चालू असतानाच एकदा वळून बघितलं. पाहुण्यांतल्या एकाने विचारलं, हे कुठल्या कुंभाराकडचं?

विसर्जनाच्या मिरवणुकीत मात्र ते नेलं नाही. उघड्यावर, ढोलांच्या पुढे, ते ऐकू येणार नाही, आणि पाऊस होता. लाख कितीही चढवली तरी कागद तो कागद. सध्या ते माळ्यावर आजेसासऱ्यांच्या घुमटाशेजारी आहे, आत सुक्या मिरच्या आणि कडुलिंबाचा पाला भरून, कसरीसाठी.

पडवीत दुसऱ्या घुमटाच्या दोन वाट्या वाळताहेत. ऑक्टोबरचं ऊन असं की सकाळी दिलेला थर दुपारी खडखडतो. बल्ब नको, चूल नको. हे पुतण्याच्या धाकट्या बहिणीचं. त्याला ७५ मिलिमीटरची मान लावायची आहे, तो पाइप शिरोड्याच्या बाजारातून आणून ठेवला आहे. आतलं लिंपण या वेळी वाट्या जोडायच्या आधीच करून घेणार, हात मोकळा चालतो. अडलंय ते पडद्यापाशी. तिला काळं कापड नको, फुलाफुलांच्या छत्रीचंच हवं आहे, आणि ती छत्री अजून धडधाकट आहे, शिवाय माझी आहे.